तासगाव रोडची व्हॅन, चौदा पोरं आणि पट्ट्याचा वाद

हे प्रकरण सांगलीच्या बाहेरचं, तासगाव रोडकडच्या गावांतनं रोज शहरात शाळेला येणाऱ्या पोरांचं आहे. शाळेचं, गावाचं आणि ड्रायव्हरचं नाव देत नाही, नावं कळून कुणाचा फायदा नाही आणि असली गाडी तुमच्याही गल्लीत उभी असायची शक्यता भरपूर. बाकी जे झालं, जे ठरलं आणि जे अजून अडकलंय ते सगळं लिहितोय, कारण आमच्याकडं यावर जी भांडणं झाली ती प्रत्येक गावात होणार आहेत आणि निदान पुढच्यांनी तरी शून्यापासनं सुरुवात करू नये. माझा भाचा त्या गाडीत होता, आणि नंतर पालक प्रतिनिधी म्हणून मी शाळेच्या परिवहन समितीत गेलो.

गाडी कसली होती

छोटी व्हॅन, पुढं नाक नसलेली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापासनं पुढचा पत्रा वीतभर. पांढरी पाटी, म्हणजे खासगी नोंदणी, पैसे घेऊन माणसं न्यायचा परवानाच नाही. आरसी बुकावर ड्रायव्हर धरून आठ सीट, सकाळी पोरं चौदा. ती मावावीत म्हणून मागची मूळ सीट काढून टाकली होती आणि दोन्ही बाजूंना लांब फळ्या ठोकल्या होत्या, वर रेक्झिनची गादी, त्यामुळं पोरं समोरासमोर तोंड करून आडवी बसायची. मागं गॅसची टाकी, तिच्यावरही गादी टाकून दोघं. पुढं ड्रायव्हरशेजारच्या एका सीटवर दोघं. त्या सीटला कंपनीचा पट्टा होता की, पण सीट कव्हर घालताना बकल कव्हरच्या आत गेलं ते गेलंच, पट्टा दाराच्या खांबाला गुंडाळून ठेवलेला. दप्तरं वर कॅरियरला आणि पाण्याच्या बाटल्या खिडकीच्या दांडीला लटकवलेल्या.

आता हे वाचून कुणाला वाटेल की किती बेजबाबदार माणूस. तसं नव्हतं. व्हॅनवाले मामा म्हणजे गावातलाच माणूस, पोरांना नावानं ओळखणारा, एखादं पोरगं आजारी असलं तर संध्याकाळी चौकशीला घरी येणारा, दारूचा थेंब नाही. घराघरातल्या आयांचा त्याच्यावर जो विश्वास होता तो खरा होता. पण माणूस चांगला आहे म्हणून फळीला आधार येत नाही, आणि आमच्याकडं बरीच वर्षं माणूस बघूनच गाडी ठरत होती.

ती संध्याकाळ

जानेवारी, ऊस हंगाम जोरात. हंगामात आपल्याकडं संध्याकाळचा रस्ता कसा असतो ते सांगलीकराला सांगायला नको, एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. शाळा पाचला सुटते, मग व्हॅन आधी शहराजवळची पोरं सोडत माधवनगर, बुधगाव करत पुढं जायची, म्हणजे सगळ्यात लांबच्या गावाची सगळ्यात लहान पोरं सगळ्यात शेवटी, अंधार पडता पडता. त्या दिवशी सव्वासहा झाले होते. पंक्चर झालेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला अर्धी डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर उभी होती, मागं दोन दगड ठेवलेले एवढाच इशारा. समोरनं येणाऱ्या ट्रकच्या लाइटनं मामांना ती दिसलीच नाही, दिसली तेव्हा ब्रेक मारून उजवीकडं घेतली तरी व्हॅनचा डावा कोपरा ट्रॉलीच्या मागच्या टोकाला बसला. स्पीड फार नव्हता, चाळीसच्या आतबाहेर.

गाडीत तेव्हा नऊ पोरं होती. पुढच्या सीटवरची तिसरीतली पोरगी डॅशबोर्डवर तोंडावर आपटली, पुढचे दोन दात गेले आणि ओठाला टाके पडले. तिच्या शेजारचा पोरगा तिच्यावरच आदळला म्हणून वाचला. फळीवरची पोरं तर सगळी एका दिशेला घसरली, कारण आडवं बसलेल्या माणसाला ब्रेक लागल्यावर धरायला पाठही नसते आणि पुढं काही नसतं, शेजारचं पोरगं हाच त्याचा आधार, त्यामुळं ड्रायव्हरच्या पाठीमागं बसलेल्या चौथीतल्या पोरावर तिघांचं वजन आलं आणि त्याच्या खांद्याचं पुढचं हाड, हासळी, मोडली. माझ्या भाच्याला कपाळाला टेंगूळ आणि महिनाभर गाडीत बसायची भीती, एवढ्यावर भागलं. डावीकडचं सरकतं दार चेपून अडकलं. मागचं दार आतनं उघडत नाही, त्याला बाहेरनंच कुणीतरी उघडावं लागतं. मामांच्या स्वतःच्या बरगडीला मार, तरी ते उतरून मागं गेले, दार उघडलं आणि टाकीवरच्या पोरांपासनं एकेकाला बाहेर काढलं. गॅस गळला नाही. टक्कर मागनं झाली असती तर काय, हा विचार नंतर त्या नऊही घरांत झाला, कारण टाकी मागं होती आणि बाहेर पडायचं दारही मागंच.

चाळीसचा स्पीड म्हणजे काय ते एकदा आकड्यात बघा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ३० किलोचं पोरगं एक दशांश सेकंदात थांबलं तर त्याच्यावर सरासरी ३४० किलोचा जोर येतो. सव्वासहा मीटरवरनं, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरनं खाली पडल्यासारखं. कुठलाही बाप मांडीवर किंवा हातात धरून हा जोर अडवू शकत नाही. "गावातल्या गावात तर जायचंय, स्पीड कुठं असतो" हे वाक्य आमच्या पहिल्या मीटिंगमध्ये चार वेळा आलं म्हणून हे लिहिलं.

चौदा पोरं का बसवायची

मीटिंग शाळेच्या हॉलमध्ये झाली आणि पहिला तास नुसता मामांना शिव्या देण्यात गेला. मग त्यांनीच वहीचं पान काढून दाखवलं. महिन्याला पोरामागं ९०० रुपये, आणि तेही दहाच महिने. सीटप्रमाणं सात पोरं नेली तर ६,३०० रुपये. त्यात गॅस, गाडीचा हप्ता, टायर, सर्व्हिसिंग, सुट्टीत बसून खायचे दोन महिने. "दादा, सात पोरांत मी गाडी चालवून दाखवतो, तुम्ही फक्त दुप्पट द्या," असं ते म्हणाले आणि हॉलमध्ये कुणी बोललं नाही. गेल्या वर्षी त्यांनी शंभर रुपये वाढवायचे म्हटल्यावर चार घरांनी दुसऱ्या व्हॅनवाल्याकडं पोरं घातली होती, त्याच्या गाडीत बारा बसायची. म्हणजे गर्दी भावातनं येत होती. भाव दोन्ही बाजूंनी ठरवलेला होता, धोका मात्र फक्त पोरांच्या वाट्याला.

दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा प्रवाशामागं २०० रुपये, पट्ट्याशिवाय १४ वर्षांखालचं मूल नेलं तर १,००० रुपये आणि परवान्याशिवाय भाड्यानं गाडी चालवली तर १०,००० रुपये दंड आहे. हे सगळं कागदावर व्यवस्थित आहे. पण त्याहून मोठा फटका विम्याचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं वापर सरळ वगळलेला असतो, त्यामुळं क्लेम टाकल्यावर पहिला प्रश्न तोच येतो, पोरांकडनं पैसे घेत होता का. आमच्याकडं दाताचा आणि हाडाचा सगळा खर्च घरच्यांनीच केला. विमा उतरवलेला आहे का हे काही पालकांनी मामांना विचारलं होतं, कसला उतरवलाय हे विचारायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. तुम्ही विचारा.

शाळेचं पहिलं उत्तर असं की व्हॅन आमची नाही, पालकांनी लावलेली आहे. हे उत्तर टिकत नाही. महाराष्ट्रात २०११ पासनं स्कूल बससाठी वेगळी नियमावली आहे आणि तिच्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती पाहिजे असं आहे, अध्यक्ष मुख्याध्यापक, सोबत पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओचे इन्स्पेक्टर, शिक्षण खात्याचा माणूस. गाड्यांची कागदपत्रं, थांबे, भाडं हे सगळं बघायचं काम या समितीचं. त्याच्याही आधी, १९९७ ला दिल्लीत वझिराबादच्या पुलावरनं शाळेची बस यमुनेत पडून २८ मुलं गेली त्यानंतर सुप्रीम कोर्टानं शाळेच्या बससाठी अटी घातल्या होत्या, गाडीवर शाळेचं नाव आणि फोन, खिडकीला आडव्या दांड्या, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, दाराला पक्कं लॉक, पाच वर्षांचा अनुभव असलेला ड्रायव्हर, सोबत एक मदतनीस. आमच्या शाळेतही समिती होती. रजिस्टर मागितलं तर निघालं, सह्या पण होत्या, फक्त त्यात गाड्यांची यादीच नव्हती. मी मुख्याध्यापिका बाईंना दोष देत बसलो नाही, त्यांच्याकडं खिचडीपासनं निवडणुकीच्या कामापर्यंत सगळंच आहे, पण त्या दिवसापासनं यादी करायला बसलो तेव्हा शाळेच्या दारात रोज किती आणि कसल्या गाड्या येतात ते पहिल्यांदा कागदावर आलं.

दुसरी कुठली गाडी मिळणार

मामांची आणि त्या दुसऱ्या व्हॅनची मिळून सव्वीस पोरं होती. पाचवीच्या पुढच्या चार पोरींना एसटीचा मोफत पास मिळतो, त्या एसटीनं जायला लागल्या. एसटीबद्दल मला इथं आवर्जून बोलायचंय कारण पालक तिला शेवटचा पर्याय समजतात. मोठी जड गाडी, खात्यानं शिकवलेला ड्रायव्हर, कंडक्टर, आणि बारावीपर्यंत मुलींना फुकट, मुलांना दोन तृतीयांश सवलत. दहा वर्षांच्या पुढच्या पोरांसाठी ती वडापपेक्षा, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या भाड्याच्या जीपपेक्षा, आणि कोंबलेल्या व्हॅनपेक्षा कधीही बरी, फक्त वेळ जुळली पाहिजे आणि दारात लोंबकळायची वेळ येऊ नये. आम्ही आगारात अर्ज दिला, एक फेरी वीस मिनिटं पुढं सरकवून मिळाली. पहिलीतल्या पोराला मात्र सांगली स्टँडवर उतरून दुसरी बस पकड म्हणून सांगता येत नाही.

शाळेची स्वतःची बस माधवनगरच्या पुढं यायला तयार नव्हती. परवान्याची पिवळ्या पाटीची व्हॅन, सात पोरांत, असं केलं असतं तर चार गाड्या लागल्या असत्या आणि खर्च मिनीबसपेक्षा जास्त. म्हणून राहिल्या दोन गाड्या, दोन्ही मिरजेच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडच्या. एक जुनी बत्तीस सीटची, भाडं कमी, पट्टे नाहीत. दुसरी तीन वर्षांपूर्वीची मिनीबस, कंपनीतनंच शाळेची बस म्हणून आलेली, सगळ्या सीट पुढं तोंड करून, पाठी उंच, प्रत्येक सीटला पट्टा, पण भाडं जास्त आणि सीट मोजून तेवीस.

पट्ट्याचा वाद

इथं दोन तट पडले. कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारे एक पालक, गाड्यांच्या पार्टचंच काम करणारे, ते म्हणाले पट्टा नाही तर गाडी नाही. दुसरे म्हणाले अमेरिकेत सुद्धा शाळेच्या पिवळ्या बसला पट्टे नसतात, मग आपणच कशाला शहाणे. दोघंही अर्धं बरोबर होते आणि ते अर्धं नीट समजून घेण्यात आमच्या दोन मीटिंगा गेल्या.

अमेरिकेत १९७७ पासनं मोठ्या स्कूल बसला पट्ट्याऐवजी सीटचीच रचना सुरक्षेची केलेली आहे. पाठी उंच, जाड गादीच्या, धक्का बसल्यावर वाकून जोर खाणाऱ्या, आणि दोन सीटमधलं अंतर कमी, म्हणजे पोरगं फेकलं गेलं तरी पुढच्या मऊ पाठीवर जाऊन थांबतं. शिवाय बस एवढी जड की कारला धडकली तर बसमधल्या माणसाला धक्का कमी बसतो. समोरनं आणि मागनं बसलेल्या टकरीत हे चांगलं चालतं. बाजूनं टक्कर झाली किंवा बस उलटली तर नाही चालत, कारण मग पोरगं सीटच्या कप्प्यातनंच बाहेर पडतं. २०१६ ला टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात शाळेची बस रस्ता सोडून उलटली आणि सहा मुलं गेली, त्यानंतर २०१८ ला तिथल्या अपघात तपास मंडळानं नव्या मोठ्या बसलाही कंबर आणि खांदा दोन्ही धरणारे पट्टे लावा अशी शिफारस केली. आणि महत्त्वाचं म्हणजे छोट्या बसला, साडेचार टनांच्या आतल्या, तिथं २०११ पासनं असे पट्टे सक्तीचेच आहेत. छोटी गाडी स्वतःच मोठा धक्का खाते, तिथं नुसती गादी पुरत नाही. म्हणजे "अमेरिकेत पट्टे नाहीत" हे आमच्या मिनीबसला लागूच पडत नव्हतं.

ब्रिटनचं उदाहरण तर आमच्याच अपघाताशी जुळणारं. १९९३ च्या नोव्हेंबरात एम-४० महामार्गावर शाळेची मिनीबस कडेच्या पट्टीवर थांबलेल्या देखभालीच्या गाडीला मागनं धडकली, बारा मुलं आणि गाडी चालवणाऱ्या शिक्षिका गेल्या. १९९७ पासनं तिथं मुलांची सहल असो की शाळेची फेरी, मिनीबस आणि कोचमध्ये प्रत्येक मुलाला पुढं तोंड असलेली स्वतंत्र सीट आणि तिला पट्टा, असा नियम आला. यातला क्रम बघा. आधी एका पोराला एक सीट, ती पुढं तोंड करून, आणि मग पट्टा. तीन पोरं दोन सीटवर असतील तर पट्टा कुणाला लावणार? फळीवर आडव्या बसलेल्याला पट्टा लावून तो कसा धरणार? आमच्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवर "पट्टे लावून घ्या" हा मेसेज फिरत होता तेव्हा मी एवढंच सांगत होतो की पट्ट्याचा प्रश्न सीटच्या प्रश्नानंतर येतो, आणि सीटचा प्रश्न भाड्याच्या प्रश्नानंतर.

मग आपण जुनी बत्तीस सीटची गाडी बघायला गेलो. ही भेट सगळ्यांनी करावी अशी आहे. सीटवर पोराला बसवलं, आठ वर्षांचं, आणि बाजूनं बघितलं. पुढच्या सीटच्या पाठीवर धरायला म्हणून आडवा स्टीलचा पाइप होता, बरोबर त्याच्या दाताच्या उंचीला. पाठ आखूड, गादी बोटभर, खाली पातळ पत्रा. म्हणजे अमेरिकन बसमध्ये पुढची सीट जे काम करते त्याच्या उलटं काम हा पाइप करणार होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणाले पट्टे पाहिजेत ना, सीट कव्हरवाल्याकडनं बसवून देतो, एका सीटला साडेतीनशे. हे मात्र कुणीही करू नका. पट्टा ओढून धरतो म्हणजे मगाचा तो तीनशे चाळीस किलोचा जोर कुठंतरी जातो, तो जातो पट्टा जिथं बोल्ट केलाय तिथं, आणि तिथं पत्र्याला नुसतं भोक पाडून वायसर टाकलेलं असेल तर बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो, कधी अख्खी सीटच उखडते आणि पुढच्या पोरावर जाते. कंपनीत सीट, तिचे पाय आणि तळ हे सगळं मिळून तपासलेलं असतं. शाळेच्या बससाठी आपल्याकडं एआयएस-०६३ हे वेगळं मानकच आहे, गाडी त्याप्रमाणं आलेली आहे का हे कागदावर बघता येतं. त्यामुळं त्या जुन्या गाडीला मी विरोध केला, आणि एमआयडीसीवाल्या पालकांनी ते बोल्टचं गणित फळ्यावर काढून दाखवल्यावर विषय संपला.

मिनीबसचे पट्टे खांद्यावरनं येणारे होते, ते चांगलं, कारण नुसता कमरेचा पट्टा जोरात आवळला की लहान पोराच्या पोटात रुततो आणि डोकं तरी पुढं आपटतंच. पण खांद्याचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो, साधारण १४५ सेंटीमीटरच्या आतल्या पोराच्या तो मानेवर येतो, मग पोरगं तो काखेखालनं घेतं आणि अर्धा फायदा गेला. काही सीटना पट्ट्याची उंची खालीवर करायची सोय होती, पहिली-दुसरीची पोरं तिथं बसवायची असं ठरलं. लहान पोरं पहिल्या रांगेत बसवायची पद्धत बंद केली, दारासमोरच्या रिकाम्या जागेत तोंडावर पडायला पुढं काही नसतं.

एका आजीनं विचारलं, "अन् गाडीला आग लागली तर ही बांधलेली पोरं सोडवणार कोण रं?" हा प्रश्न खरा आहे. १९८८ ला अमेरिकेत केंटकीत कॅरोल्टनजवळ एका बसला पिकअप गाडीनं समोरनं धडक दिली, पिकअपवाला दारू प्यायलेला. धडकेनं बसमधलं कुणी मेलं नव्हतं, पण टाकी पेटली, पुढचं दार बंद झालं आणि मागच्या एकाच वाटेवर सगळे अडकले, सत्तावीस जण धुरानं आणि आगीनं गेले. पट्टे नव्हते त्या बसमध्ये, तरी हे झालं. म्हणून उत्तर असं की वाटा मोकळ्या पाहिजेत आणि पोरांना बाहेर पडायची सवय पाहिजे. आम्ही शाळेच्या मैदानात गाडी उभी करून सराव घेतला. पहिल्यांदा निम्मी पोरं बकल चाचपत बसली, चौघं दप्तर घ्यायला परत फिरली, आपत्कालीन दाराच्या हँडलवर कुणाचा हातच पोचेना. नंतर प्रत्येक रांगेत एक मोठं पोरगं नेमलं, शेजारच्या बारक्याचं बकल त्यानं दाबायचं. आता पोरं ते खेळासारखं करतात आणि फार झटकन करतात. बांधलेलं पोरगं धडकेनंतर शुद्धीवर असतं, ही गोष्ट आजींना पटली.

पट्टा लावून घ्यायचं काम ड्रायव्हरचं नाही. गाडीत मदतनीस मावशी आहेत, गावातल्याच, त्या चढल्यावर प्रत्येक बकलला हात लावून बघतात आणि मगच ड्रायव्हरला हो म्हणतात. पहिल्या आठवड्यात याला वेळ लागायचा, पालक फोन करायचे उशीर का. आता पोरंच एकमेकांवर ओरडतात.

उतरल्यावर काय

वाद सगळा पट्ट्यावर झाला पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त जीव ज्यानं वाचेल ते काम थांब्याचं होतं, आणि त्याला पाच मिनिटं पण मिळाली नसती. अमेरिकेत बसच्या आत मरणारी मुलं फार थोडी, चढताउतरताना बसच्या आसपास किंवा दुसऱ्या गाडीखाली सापडणारी त्याहून जास्त. तिथं तरी बसचा लाल हात बाहेर आला की बाकीच्या गाड्यांना थांबावं लागतं. आपल्याकडं बस थांबली की मागचा उलट जोरात काढतो.

आमची व्हॅन तासगाव रोडवर डाव्या कडेला पोरं उतरवायची आणि निम्म्या पोरांची घरं उजवीकडं. पोरगं उतरायचं, गाडीच्या पुढनं वळायचं आणि रस्ता पळत ओलांडायचं, गाडी नाकासमोर असल्यानं त्याला येणारं काही दिसत नाही आणि येणाऱ्याला ते दिसत नाही. मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला तर बंपरच्या अगदी पुढचं बारकं पोरगं स्वतःलाही दिसत नाही. बदल एवढाच केला की बस मुख्य रस्त्यावर थांबतच नाही, आत गावात चौकापर्यंत जाते, ग्रामपंचायतीसमोर वळून उभी राहते आणि मग पोरं उतरतात. यात डिझेल थोडं जास्त जातं. मावशी आधी उतरतात. नर्सरी-पहिलीचं पोरगं घरचं माणूस आल्याशिवाय खाली उतरवायचं नाही, नसेल तर गाडीतच ठेवून शेवटी घरी सोडायचं. यावरनं दोन घरांनी भांडण काढलं की आम्ही शेतात असतो, पण तिथं समिती हटली नाही.

दुसरा बदल रूटचा. संध्याकाळी सगळ्यात लांबचं गाव आधी करायचं आणि शहराकडं परत येत पोरं सोडायची, म्हणजे रस्त्याचा सगळ्यात खराब टप्पा उजेडात पार पडतो. शहराजवळच्या पालकांची पोरं अर्धा तास उशिरा घरी येतात, त्यांनी ते मान्य केलं याचं मला अजून कौतुक वाटतं.

ड्रायव्हर निवडताना लायसन्स, अनुभव, आधीचे चलन हे बघितलंच, पण दोन गोष्टी लिहून घेतल्या, चालवताना फोन आणि हेडफोन नाही, आणि सकाळी गाडी निघायच्या आधी कुणीतरी एक पालक त्याच्याशी दोन शब्द बोलणार. २०२४ ला हरियाणात कनीना इथं शाळेची बस उलटून सहा मुलं गेली, ड्रायव्हर दारू प्यायलेला होता. २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरला फाटक नसलेल्या क्रॉसिंगवर रेल्वेनं व्हॅन उडवली, तेरा मुलं गेली. सकाळी त्या ड्रायव्हरसमोर उभं राहून कुणी दोन मिनिटं बोललं असतं तर, असं कनीनाची बातमी वाचताना सारखं वाटत राहिलं. स्पीड गव्हर्नर बसवलेला आहेच, सीबीएसईनं २०१७ च्या परिपत्रकात शाळेच्या बसला ताशी ४० ची मर्यादा घातलीय, आमची शाळा स्टेट बोर्डाची असली तरी आम्ही तीच धरली.

पैसे, आणि जे अजून सुटलं नाही

कॉन्ट्रॅक्टरनं महिन्याला ३६,००० सांगितले. बावीस पोरांत सरसकट भागले तर पोरामागं साडेसोळाशेच्या आसपास, ९०० वरनं. दोन पोरं असलेल्या घराला १,८०० चे ३,३०० झाले आणि तीन घरं लगेच बाहेर पडली. बाहेर पडून काय केलं, तर बाप स्कूटरवर दोन पोरं पुढंमागं घेऊन, हेल्मेट नाही, त्याच तासगाव रोडनं, त्याच ट्रॉल्यांमधनं. चार वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना हेल्मेट कायद्यानं लागतं, पण इथं कोण विचारतंय. व्हॅनपेक्षा हे जास्त वाईट होतं आणि ते आमच्या निर्णयातनं झालं होतं, म्हणून भाडं परत मांडलं. पहिल्या पोराला १,८५०, घरातल्या दुसऱ्याला १,०००, आणि मावशींचा पगार शाळेनं उचलला, त्यामुळं एखादं पोरगं कमी झालं तरी बाकीच्यांवर बोजा येत नाही. दोन घरं परत आली. तिसरं घर अजून स्कूटरवरच आहे. त्यांच्याकडं जाऊन बसलो, पैशाची खरंच ओढाताण आहे, पोरांना हेल्मेट तेवढी घेऊन दिली गावातल्या मंडळानं. एवढ्यावर मला समाधान नाही.

व्हॅनवाल्या मामांना या बसवर घ्यावं असं बऱ्याच जणांना वाटत होतं. त्यांच्याकडं तसलं लायसन्स नाही. व्हॅन विकून ते आता दुधाच्या टेम्पोवर आहेत आणि चौकात बस थांबली की पोरं त्यांना हात करतात.

ट्रॉल्यांचं काम अर्धं झालंय. आरटीओवाले आणि कारखाने हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावतात, फोटो येतात, आणि महिन्याभरात ते चिखलानं आणि पाचटानं झाकतात. आम्ही कारखान्याच्या यार्डात जाऊन ट्रॅक्टरवाल्यांना विचारून मागच्या फळीला लाल रेडियमची पट्टी लावली, जिथं ऊस लोंबत नाही तिथं, खाली. कुणीही नको म्हणालं नाही, उलट अजून द्या म्हणाले, पट्टी संपली. पंक्चर झालेली ट्रॉली डांबरावरनं खाली घ्यायची आणि मागं त्रिकोण ठेवायचा, हे मुकादमांना सांगून होत नाही, तिथं कारखान्यानंच गेटवर त्रिकोण दिल्याशिवाय ट्रॉली सोडू नये अशी आमची मागणी आहे. अर्ज दिलाय, पोच घेतलीय, उत्तर नाही.

सध्या गाडीतल्या दोन सीटचे पट्टे ओढले की परत आत जात नाहीत, लोंबत राहतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जूनच्या फिटनेसला करून देतो. समितीनं त्याला लिहून दिलंय की तोपर्यंत त्या दोन सीटवर पोरगं बसणार नाही आणि त्या दोन पोरांची सोय त्यानं करायची, नाहीतर त्या महिन्याच्या भाड्यातनं तेवढे पैसे कापले जातील. पुढच्या सोमवारी मीटिंग आहे, आरटीओच्या साहेबांनी यायचं कबूल केलंय, तेव्हा रिट्रॅक्टर, म्हणजे पट्टा परत आत ओढून घेणारा भाग, मूळ कंपनीचाच बसतो की नाही हे त्यांच्यासमोरच बघून घ्यायचं ठरलंय.